ग्राफिक्स कार्डाला पॉवरची कुठली वायर लावायची : कोल्हापुरातल्या नवख्यांसाठी

कार्ड घेताना सगळे विचारतात मेमरी किती जीबी, गेम किती फ्रेमवर पळतो, ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) उचलतो का. कार्डाच्या वरच्या कडेला जे काळं सॉकेट असतं त्यात कुठली वायर जाणार, हा प्रश्न मात्र कार्ड घरी येऊन कॅबिनेट उघडल्यावर पडतो. मग रात्री दहाला फोन येतो, "दादा, वायर बसंना झालीय, जरा दाबून बसवू का?"

दाबू नका. हा सगळा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे.

माझं काम उद्यमनगरात, कास्टिंगच्या पॅटर्नची थ्रीडी ड्रॉइंगं करायचं. आमच्या ऑफिसातली मशिनं, भावकीतल्या पोरांचे गेमिंग पीसी, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या दोस्तांचे सेटअप, अशा बऱ्याच ठिकाणी कार्डं बसवत आलोय. त्यात एक गोष्ट पक्की कळली. कनेक्टर सॉकेटात बसतोय म्हणून तो चालतोय असं नसतं, आणि एसएमपीएसला (पीसीला वीज देणारा कॅबिनेटमधला डबा) पुरेसे कनेक्टर नसतील तर ती नुसती वायरची अडचण नसते. कंपनीनं तुम्हाला त्या एसएमपीएसची ताकदच सांगितलेली असते.

जवळ काय काय हवं

स्टार स्क्रू-ड्रायव्हर, मोबाइल (टॉर्च आणि फोटो दोन्हींसाठी), मेजर टेप, तीन-चार केबल टाय. मल्टिमीटर असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

कागदांमध्ये कार्डाच्या नेमक्या मॉडेलचं कंपनीच्या साइटवरचं पान, एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेल्या लेबलचा स्पष्ट फोटो आणि एसएमपीएसच्या खोक्यावरचा कनेक्टरांचा तक्ता. नवीन माल असेल तर जीएसटी बिल आणि दोन्ही वस्तूंच्या सिरियल नंबरचे फोटो. कार्ड एकदा बसलं की सिरियलचं स्टिकर खालच्या बाजूला जातं आणि वॉरंटीच्या वेळी सगळं परत उपसावं लागतं. म्हणून फोटो आधी.

१. कार्डाचं सॉकेट ओळखा

कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. एक वाट मदरबोर्डच्या लांब स्लॉटमधून येते आणि तिथून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डांना एसएमपीएसमधून थेट वायर द्यावी लागते. कार्डावर चारांपैकी एक प्रकार दिसेल:

– सॉकेटच नाही. बरीचशी जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५०, आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल. स्लॉटच्या विजेवरच भागतं.
– ६ पिन. मान्य मर्यादा ७५ वॅट.
– ८ पिन. मर्यादा १५० वॅट. एका कार्डावर दोन किंवा तीनही असू शकतात.
– १६ पिन. हे नवं, बारीक पिनांचं. दोन ओळींत सहा-सहा पिना आणि कडेला चार अगदी बारक्या. मर्यादा ६०० वॅटपर्यंत.

नुसत्या चिपच्या नावावर जाऊ नका. एकाच चिपचं कार्ड वेगवेगळ्या कंपन्या वेगळ्या सॉकेटसह काढतात. जीटीएक्स १६५० बिनसॉकेटचीही मिळते आणि ६ पिनवालीही. आरएक्स ५८० एका कंपनीची फक्त ८ पिनची, तर दुसरीची ८ आणि ६ दोन्ही लागणारी. ऑनलाइन मागवताना कार्डाच्या वरच्या कडेचा फोटो मोठा करून बघा. तोच खरा पुरावा.

२. कार्ड किती वॅट ओढतं ते लिहून काढा

मूळ डिझाइनचे आकडे असे: आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, आरटीएक्स ४०६० ला ११५, आरटीएक्स ३०६० ला १७०, आरटीएक्स ३०८० ला ३२०, आरटीएक्स ४०९० ला ४५०, आरटीएक्स ५०९० ला ५७५. फॅक्टरीतूनच वेग वाढवून आलेली कार्डं यापेक्षा थोडं जास्त ओढतात.

आता पूर्ण मशिनचा हिशेब. समजा कोअर आय५-१२४००एफ आहे. त्याची टर्बोमधली, म्हणजे पूर्ण वेगातली, कमाल ११७ वॅट. त्यात आरटीएक्स ३०६० चे १७० मिळवा. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून साधारण ६० धरा. बेरीज होते ३५० च्या आसपास. मग ४०० चा एसएमपीएस बास की? नाही. कार्ड सरासरी १७० वॅट ओढत असलं तरी सेकंदाच्या हजाराव्या भागात ते त्याच्या बरंच वर उसळी मारतं, आणि हलका एसएमपीएस त्या उसळीला घाबरून मशिन बंद करतो. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. दुकानदार माल खपवायला सांगतोय असं समजून तो आकडा कमी करू नका.

३. एसएमपीएसचं लेबल वाचा

इथं जरा थांबा, कारण कोल्हापुरातल्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० किंवा ५०० लिहिलेलं असतं. त्या आकड्याकडे बघू नका. बाजूच्या लेबलवर एक तक्ता असतो. त्यात +३.३, +५, +१२, −१२ असे व्होल्टचे रकाने आणि प्रत्येकाखाली अँपिअर. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर, दोघांचं पोट +१२ व्होल्टवर भरतं. म्हणून +१२ खालचा अँपिअरचा आकडा घ्या आणि १२ ने गुणा.

+१२ खाली ३८ अँपिअर असतील तर ४५६ वॅट झाले. ५०० च्या एसएमपीएसला हे शोभतं. पण खोक्यावर ४५० आणि +१२ खाली १८ अँपिअर असतील तर कामाचे वॅट २१६ च. त्यावर १७० वॅटचं कार्ड आणि ११७ वॅटचा प्रोसेसर चालवायला गेलात की गेम सुरू होईपर्यंत सगळं छान चालेल आणि गेम सुरू झाला की मशिन बंद पडेल.

काही लेबलांवर +१२ चे दोन रकाने असतात, १२व्ही१ आणि १२व्ही२. दोघांचे अँपिअर आपल्या मनानं मिळवू नका. खाली एकत्रित कमाल वॅट वेगळे छापलेले असतात, ते घ्या. ते छापलेलेच नसतील, किंवा तक्ताच नसेल, तर तो एसएमपीएस ग्राफिक्स कार्डासाठी बाद.

८० प्लस ब्राँझ, गोल्ड वगैरे शिक्का म्हणजे विजेची बचत किती, एवढंच. तो कनेक्टर किती आहेत हे सांगत नाही. शिक्का असलेला एसएमपीएस घ्याच, पण तक्ता वाचून.

४. वायरी मोजा, आणि प्रोसेसरची वायर वेगळी काढा

सगळ्यात जास्त नुकसान करणारा घोटाळा हा. एसएमपीएसमधून ८ पिनच्या दोन जातींच्या वायरी निघतात आणि लांबून त्या सारख्याच दिसतात.

दुकानात असं घडतं. आपण विचारतो, "भावा, ८ पिन हाय न्हवं ह्याला?" पोरगा म्हणतो, "हाय की!" आणि एक वायर हातात देतो. ती असते प्रोसेसरची. त्यानं खोटं सांगितलेलं नसतं, ८ पिन आहेतच. आपला प्रश्नच अपुरा पडतो. विचारायचं असं: "ग्राफिक्स कार्डाचे, सहा अधिक दोनचे कनेक्टर किती आहेत?"

हातात घेऊन ओळखायची खूण सोपी आहे. प्रोसेसरचा कनेक्टर मधोमध दुभंगतो, चार आणि चार असे दोन सारखे चौकोन होतात. ग्राफिक्स कार्डाचा दुभंगला तर सहाचा एक तुकडा आणि दोनचा एक छोटा तुकडा होतो. वायरी रंगीत असतील तर आणखी एक खूण: कार्डाच्या कनेक्टरमध्ये तीन पिवळ्या आणि पाच काळ्या, प्रोसेसरच्यात चार पिवळ्या आणि चार काळ्या. लॉकची पट्टी ज्या बाजूला आहे तिकडे कार्डाच्या कनेक्टरमध्ये काळ्या वायरी असतात, प्रोसेसरच्यात पिवळ्या. म्हणजे दोघांचे प्लस-मायनस अगदी उलट. चुकीची वायर गेली तर १२ व्होल्टचा थेट अर्थशी (म्हणजे मायनसशी) संबंध येतो. एसएमपीएस चांगला असेल तर तो स्वतः बंद होऊन कार्ड वाचवेल. हलका असेल तर वास येईल.

हल्ली सगळ्या वायरी काळ्या येतात, रंगाची खूण मिळत नाही. मग कनेक्टरच्या अंगावर बघा, एकावर 'सीपीयू' आणि दुसऱ्यावर 'पीसीआय-ई' किंवा 'व्हीजीए' छापलेलं असतं. तेही पुसलं असेल तर टॉर्च लावून तोंडात बघा. आतली आठ भोकं एकसारखी नसतात. काही पूर्ण चौकोनी, काहींचे दोन कोपरे कापलेले. कापलेल्या कोपऱ्याचं भोक कुठं आणि चौकोनी कुठं, ही मांडणी दोन्ही जातींत वेगळी आहे. मुद्दाम, चुकीचं बसू नये म्हणूनच. कार्डाच्या सॉकेटकडे बघा, तीच मांडणी तिथं उमटलेली दिसेल. जुळत असेल तर कनेक्टर हलक्या हातानं आत सरकतो. जोर लावावा लागतोय म्हणजे तुम्ही त्या कापलेल्या कोपऱ्यांशी भांडताय.

एक अपवाद सांगून ठेवतो, कारण एआय शिकणारी पोरं हल्ली सर्व्हरमधली एनव्हिडियाची जुनी टेस्ला कार्डं मागवतात. टेस्ला पी४० किंवा के८० सारख्या कार्डांवरचं ८ पिन सॉकेट प्रोसेसरच्या जातीचं असतं. तिथं सहा अधिक दोन चालत नाही.

आता मोजा. एका केबलला शेवटी बऱ्याचदा दोन कनेक्टर जोडलेले असतात, तुरा असल्यासारखे. दोन ८ पिनचं कार्ड असेल तर दोन्ही कनेक्टर त्या एकाच केबलचे वापरायचा मोह होतो. कार्ड २००–२२५ वॅटच्या आत असेल तर चालून जातं. त्यापुढे दोन वेगळ्या केबली वापरा, एकेक कनेक्टर लावा आणि दुसरा मोकळा सोडा. १५० वॅट म्हणजे साडेबारा अँपिअर, तीन वायरींत वाटले तर प्रत्येकी चार-सव्वाचार. एकाच केबलवर दोन्ही कनेक्टर भरले की तोच भार दुप्पट होतो आणि एसएमपीएसकडचं टोक तापतं.

५. कन्व्हर्टरच्या पिशवीला हात लावण्याआधी

काउंटरवर छोट्या पिशवीत कन्व्हर्टर लटकलेले असतात आणि स्वस्त असतात. त्यांचे तीन प्रकार.

साटा ते ६ किंवा ८ पिन: घेऊच नका. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. त्याच्यावर १५० वॅटचा ८ पिन जोडला तर काय होणार ते वेगळं सांगायला नको. हार्ड डिस्कसाठी बनवलेली ती चपटी पिन वितळते, आणि साटाचे ओतीव कनेक्टर आतून शॉर्ट होऊन पेट घेतल्याची उदाहरणं जगभर आहेत.

दोन मोलेक्स (जुन्या पद्धतीचा चार जाड पिनांचा कनेक्टर) ते ६ पिन: दोन्ही मोलेक्स वेगवेगळ्या वायरींवरून घेतले आणि एसएमपीएस दमदार असेल तर तात्पुरतं चालू शकतं. पण ज्या एसएमपीएसला मूळचा ६ पिनसुद्धा दिलेला नाही, तो दमदार असण्याची शक्यता किती?

६ ते ८ पिन: हा फसवा प्रकार आहे. ८ पिन कनेक्टरमधल्या जास्तीच्या दोन पिना १२ व्होल्ट आणत नाहीत. त्यातली एक अर्थ आणि दुसरी कार्डाला खूण देणारी, की 'माझ्या मागं १५० वॅट उभे आहेत'. कन्व्हर्टर ती खूण नुसती करून देतो, मागं काहीही असो. नळाला चार पाइप जोडले म्हणून टाकीतलं पाणी वाढत नाही.

कार्डाच्या खोक्यात कंपनीनंच दिलेला कन्व्हर्टर, उदाहरणार्थ दोन किंवा तीन ८ पिन ते १६ पिन, ही गोष्ट वेगळी. तो वापरा, फक्त त्याची सगळी तोंडं भरा. एक रिकामं ठेवून चालणार नाही.

६. मॉड्युलर केबल दुसऱ्याची उसनी घेऊ नका

मॉड्युलर एसएमपीएसमध्ये केबल दोन्ही टोकांनी सुटते. कार्डाकडचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कुठलाच सर्वमान्य नियम नाही. कुठल्या पिनेत १२ व्होल्ट आणि कुठल्या पिनेत अर्थ, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक सापडतो. दुर्दैव असं की आकार जुळतो. केबल 'टक' करून बसते, लॉकही लागतो, आणि चालू केल्यावर कार्ड, एसएसडी, बोर्ड, जे त्या केबलवर असेल ते जातं.

म्हणून मित्राकडून केबल आणायची नाही, दुकानातल्या डब्यातली मोकळी केबल घ्यायची नाही, आणि एसएमपीएस बदलला तर जुन्या केबली जागच्या जागी ठेवून नवा जोडायचा नाही. सगळ्या काढा, नव्या घाला. सेकंड हँड मॉड्युलर एसएमपीएस घेताना विकणाऱ्याकडे मूळ केबली नसतील तर सौदा सोडून द्या.

७. १६ पिनवालं कार्ड असेल तर

ही जोडणी २०२२ मध्ये एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकाबरोबर आली, नाव १२व्हीएचपीडब्ल्यूआर. आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच कनेक्टर वितळल्याचे फोटो फिरायला लागले. २०२३ मध्ये सुधारित रूप आलं, १२व्ही-२×६. त्यात खूण देणाऱ्या चार पिना आखूड केल्या आणि वीज वाहणाऱ्या थोड्या लांब. म्हणजे कनेक्टर पूर्ण आत गेल्याशिवाय खूण पोहोचत नाही आणि कार्ड पूर्ण वीज मागत नाही. जुनी केबल नव्या सॉकेटात बसते, कारण बदल मुख्यतः सॉकेटाच्या बाजूला झाला.

वितळायचं कारण आकड्यांत दिसतं. ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर. सहा पिनांत वाटले तर प्रत्येकी ८.३. पिनेची क्षमता ९.५. म्हणजे हाताशी शिल्लक फार थोडी. त्यात एखादी पिन नीट टेकली नाही की तिचा वाटा उरलेल्या पाचांवर पडतो आणि त्या मर्यादेबाहेर जातात. ८ पिनमध्ये एवढी काटाकाटी नव्हती, म्हणून तिथं थोडा ढिलेपणा खपून जायचा.

करायचं एवढंच: केबल कार्डात घालण्याआधी सरळ धरा, अंगठ्यानं पूर्ण आत ढकला, मग कडेनं टॉर्च मारून बघा. कनेक्टर आणि सॉकेट यांच्यात नखाएवढीही फट दिसायला नको. सॉकेटपासून निदान साडेतीन सेंटीमीटर केबल सरळ जाऊ द्या, मग वळवा. कॅबिनेटची काच केबलवर दाबून बसत असेल तर कॅबिनेट अरुंद आहे. कार्ड घेण्याआधी मेजर टेपनं कार्डाची लांबी तर मोजाच, पण काचेपर्यंतची रुंदीही मोजा. आणि ही जोडणी सारखी काढघाल करण्यासाठी नाही, तिची मर्यादा ३० वेळांची सांगितली जाते.

८. ऑफिसातून निघालेले जुने डेस्कटॉप

कॉलेजच्या पोरांचा पहिला पीसी बऱ्याचदा हाच असतो: डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर. स्वस्त आणि टिकाऊ. पण स्लिम मॉडेलमधला एसएमपीएस साधारण १८० ते २६० वॅटचा, त्याला ६ किंवा ८ पिन नाहीच. बोर्डाला जाणारा कनेक्टरही अनेकदा नेहमीच्या २४ पिनचा नसतो, त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस आणून बसवता येत नाही.

अशा मशिनला बिनसॉकेटचं, अर्ध्या उंचीचं कार्ड शोधा. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी ७० वॅटमध्ये भागवतं. ड्रॉइंगच्या कामाला क्वाड्रो पी६२० फक्त ४० वॅट घेतं, टी१००० ५० वॅट, आरटीएक्स ए२००० ७० वॅट. आमच्यासारख्या पॅटर्नच्या कामाला टी१००० भरपूर होतं, गेमिंगचं मोठं कार्ड घालायची गरजच नाही. काही स्लिम मॉडेलांत स्लॉटला पूर्ण ७५ वॅट दिलेले नसतात, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. आधी ते बघा.

९. सेकंड हँड एसएमपीएस : इथलं पाणी आणि इथली धूळ

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहराच्या बऱ्याच भागात शिरलं. त्या पाण्यात बुडालेली कॅबिनेटं धुऊन-वाळवून पुढं विकली गेलेली असू शकतात. एसएमपीएस हातात घेतल्यावर पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारा. आत कोपऱ्यात पिवळट गाळाची रेघ, स्क्रूच्या डोक्यावर गंज, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर, यांतलं एक दिसलं तरी परत ठेवा. एसएमपीएस उघडून बघायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज राहतो.

दुसरी गोष्ट लोखंडी धुळीची. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या शॉपमधून निघालेल्या मशिनच्या सॉकेटांत लेथ आणि ग्राइंडरची बारीक भुकटी असते. ती वीज वाहते. कोरड्या मऊ ब्रशनं सॉकेट साफ केल्याशिवाय कनेक्टर घालू नका.

१०. प्रत्यक्ष जोडणी

मागचा स्विच बंद, भिंतीतला प्लग बाहेर. मग पीसीचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच कार्डाला.

आधी कार्ड स्लॉटमध्ये, मागच्या पट्टीचे स्क्रू घट्ट, त्यानंतर वायर. उलट क्रमानं केलं तर वायरीच्या ताणानं कार्ड तिरकं बसतं.

सहा अधिक दोन लावताना नवख्यांची बोटं हमखास अडखळतात. दोनच्या तुकड्याला एक छोटी जीभ असते, ती सहाच्या तुकड्याखाली सरकवा. दोन्ही तुकडे एका पातळीत आले की अंगठा आणि तर्जनीत एकत्र चिमटून धरा आणि तसेच सॉकेटात घाला. आधी सहा बसवून नंतर दोन कोंबायला गेलात तर दोनचा तुकडा अर्धवट राहतो, आणि ते वरून कळत नाही. लॉकच्या पट्टीचा दात सॉकेटच्या कडेखाली अडकला पाहिजे. हलकं ओढून बघा, यायला नको. कार्ड ६ पिनचं असेल तर दोनचा तुकडा बाजूला मोकळा लोंबू द्या.

भिंतीकडेही बघा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं धरून चालू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वायरमनला बोलवा, कार्ड त्यानंतर. यूपीएसचं पण बघून घ्या. ६०० व्हीए लिहिलेले बरेच यूपीएस ३६० वॅटचेच असतात. पावसाळ्यात लाइट गेली आणि त्या क्षणी गेम चालू असला तर असा यूपीएस मशिनला सांभाळू शकत नाही.

११. चालू केल्यावर

मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. स्क्रीनवर पॉवर केबल जोडा असा इंग्रजी संदेश आला, किंवा कार्डावर सॉकेटजवळ लाल दिवा लागला, तर कनेक्टर अर्धवट आहे किंवा एक सॉकेट रिकामं राहिलंय. पंखे फिरतायत म्हणजे वीज बरोबर पोहोचली असं समजू नका. पंखे स्लॉटच्या विजेवरही फिरतात.

ड्रायव्हर टाकून झाल्यावर अर्धा तास नेहमीचं जड काम द्या, गेम किंवा रेंडर. जीपीयू-झेड (कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवा. त्यात कार्डाला मिळणारा १२ व्होल्ट दाखवला जात असेल तर तो ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवा. भार आल्यावर ११.४ च्या खाली जात असेल तर एसएमपीएस दमतोय. सॉफ्टवेअरचा आकडा ढोबळ असतो, मल्टिमीटर असेल तर मोकळ्या मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीवर खात्री करून घ्या.

काम चालू असताना कनेक्टरजवळची केबल बोटांनी चाचपा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर लगेच बंद करा, थंड होऊ द्या, कनेक्टर काढून पिनांच्या तोंडाशी प्लॅस्टिक तपकिरी झालंय का बघा. झालं असेल तर ती केबल परत वापरायची नाही.

काळी स्क्रीन होऊन मशिन आपोआप रीस्टार्ट होत असेल आणि तेही फक्त भार असताना, तर विंडोज परत टाकण्यात वेळ घालवू नका. पुन्हा तिसऱ्या पायरीवर जा आणि लेबलवरचा +१२ चा रकाना बघा.

आठवडा झाल्यावर एकदा कॅबिनेट उघडून लॉक जागेवर आहेत का तेवढं पाहा. मॉड्युलर एसएमपीएसच्या उरलेल्या केबली त्याच्याच खोक्यात ठेवा आणि पिशवीवर मार्करनं एसएमपीएसचं पूर्ण मॉडेल लिहा, म्हणजे चार वर्षांनी घरातलं दुसरं कुणी खोका उघडेल तेव्हा त्या केबली भलत्याच एसएमपीएसला लागणार नाहीत.